तिसऱ्याचा टॅपेट

सावकाश मिस्त्रीचं खरं नाव आता सरकारी कागदांपुरतं उरलंय. बायकोसुद्धा चिडली की ‘अहो सावकाश’ अशीच हाक मारते. हे नाव ठेवलं वस्तादांनी, तो त्यांच्या गॅरेजात कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी. त्याला एक गंजलेला बोल्ट काढायला सांगितला होता. दुसऱ्या कुणी पान्याला पाईप अडकवून, अंगातला सगळा जोर लावून तो कधीच तोडला असता. यानं बोल्टवर तेलाचे चार थेंब सोडले, हातोडीनं हलके ठोके दिले आणि शेजारी बसून राहिला. पुन्हा चार थेंब, पुन्हा ठोके. अख्खी सकाळ यातच गेली. वस्ताद ओरडले, “अरे, बोल्ट काढतोयस की त्याची समजूत काढतोयस?” पण जेवणाच्या सुट्टीआधी बोल्ट बाहेर आला, आटे सगळे शाबूत. वस्तादांनी तो उजेडात फिरवून पाहिला, खिशात टाकला आणि म्हणाले, “चल रे सावकाश, हात धू.” ही शाबासकी होती की टोमणा, याचा उलगडा त्याला पुढची पस्तीस वर्षं झाला नाही.

शाबासकीच्या बाबतीत वस्ताद पक्के चिक्कू. चांगल्या कामाला ते ‘हं’ म्हणत आणि उत्तम कामाला काहीच म्हणत नसत, त्यामुळे काम उत्तम झालंय की त्यांनी पाहिलंच नाही, हे कळायला मार्ग नसे. सावकाशनं बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मग दोन गल्ल्या सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं. तरीही एखादं इंजिन मनासारखं जमलं की तो मनातल्या मनात ती गाडी वस्तादांपुढे नेऊन उभी करायचा आणि ते काय म्हणतील याचा अंदाज बांधायचा. मनातले वस्तादही ‘हं’च म्हणायचे.

वस्तादांची एक शिकवण मात्र त्यानं गाठ मारून ठेवली होती. आवाज करणारी गाडी दाराबाहेर सोडायची नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो तासन्‌तास ऐकत बसायचा, आणि खुट्ट जरी झालं तरी पुन्हा सगळं खोलायचा. घरीही तेच. पंखा, नळ, बायकोचं शिलाई मशीन, सगळ्यांची तोंडं त्यानं तेल घालून बंद केली होती. एकदा घराच्या दाराच्या बिजागऱ्यांनाही तेल घातलं. बायको कपडे शिवायची. दाराकडे पाठ करून मशीनवर बसलेली असायची. त्या दिवसापासून तिची कटकट सुरू झाली.

“दार करकरायचं तेव्हा मला कळायचं, आलात म्हणून. आता भुतासारखे मागे येऊन उभे राहता. एक दिवस सुई बोटात घुसेल माझ्या.”

“तेल घातलं तर लोक आभार मानतात,” तो म्हणायचा.

“मानतील लोक. त्यांच्या बोटात थोडीच घुसणार आहे.”

तर अशा या माणसाकडे एका सकाळी काकू आल्या. काकू म्हणजे वस्तादांची बायको. हातात पिशवी नाही, पायांत घरातल्याच सपाता. त्यांना तसं पाहून सावकाशनं हातातला पाना ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

“गाडी बंद पडली रे,” काकू स्टुलावर बसत म्हणाल्या.

वस्तादांना गेली चार-पाच वर्षं विसर पडत चालला होता. आधी चष्मा, मग पत्ता, मग माणसं. गेल्या वर्षापासून त्यांना सावकाशही ओळखू येईनासा झाला. तो भेटायला गेला की ते उठून उभे राहायचे आणि अगदी अदबीनं विचारायचे, “मीटर वाचायला आलात का? जिन्याखाली आहे.” ज्यांनी जन्मभर ‘अरे’ आणि ‘गाढवा’ म्हटलं त्यांच्या तोंडचं ते ‘आलात’ त्याला फार लागायचं. एकदोनदा त्यानं खरोखर जिन्याखाली जाऊन मीटर पाहिला आणि रडं आवरून परत आला. हळूहळू त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कामाची सबब तयारच असते.

काकूंनी जे सांगितलं ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. वस्तादांची स्वतःची गाडी, लग्नानंतर घेतलेली, अजून अंगणातल्या शेडमध्ये होती. चालवणं कधीच थांबलं होतं. पण रोज दुपारी जेवणाआधी काकू त्यांना शेडमध्ये नेत, स्टिअरिंगपुढे बसवत आणि शेजारून चावी फिरवत. इंजिन सुरू झालं की वस्ताद मान तिरकी करून ऐकत. थोड्या वेळानं म्हणत, “तिसऱ्याचा टॅपेट सैल झालाय.” ते वाक्य आलं की काकू आत जाऊन ताट वाढत, आणि वस्ताद मागोमाग येऊन मुकाट जेवत.

“काम झाल्यासारखं वाटतं बहुतेक त्यांना,” काकू म्हणाल्या. “कामावरून आल्यासारखे जेवतात. आधी निळा धूर यायला लागला, खोकायचे. आता सुरूच होत नाही. बसतात, वाट बघतात, उतरतात. ताटावर बसले की दोन घास खाऊन हात धुतात. पट्ट्याला परवा खिळ्यानं नवं भोक पाडलं मी, पँट राहीना म्हणून.” मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “तू फार दिवसांत आला नाहीस.”

सावकाशनं हात पुसले, गॅरेज ओढून घेतलं आणि तो त्यांच्याबरोबर निघाला.

इंजिन त्यानं साखळीनं उचलून आपल्या गॅरेजात आणलं आणि खोललं. आत पाहिलं तेव्हा ते इतके दिवस चाललंच कसं याचं त्याला नवल वाटलं. पिस्टनवरच्या रिंगा झिजून ब्लेडसारख्या झाल्या होत्या. सिलिंडर वरच्या बाजूला इतके खाल्ले गेले होते की नखाला काठ लागत होता. बेअरिंगांचं पांढरं अस्तर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. झीज ही गोष्ट प्रामाणिक असते. कुठे किती भार पडला, कुठे तेल पोचलं नाही, सगळं जिथल्या तिथे लिहून ठेवते. सावकाश ते दोन दिवस नुसतं पाहत होता.

खरा प्रश्न पुढेच होता. गाडी बनवणाऱ्या कंपनीला टाळं लागून जमाना झाला होता. स्पेअर पार्टच्या मोठ्या दुकानातल्या तरुणानं गाडीचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि म्हणाला, “असं मॉडेलच नाही दाखवत.”

“कॉम्प्युटरच्या जन्माआधीचं आहे ते,” सावकाश म्हणाला.

मग सुरू झाली पायपीट. भंगारवाल्यांच्या रांगा तो रोज सकाळी धुंडाळायचा. एका बंद पडलेल्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाकडे मागच्या खोलीत जुने खोके होते. म्हाताऱ्याला दिसत कमी होतं, पण खोक्यावरचा नंबर सांगितला की तो बसल्या जागेवरून ‘तिसरी फळी, डावीकडे’ असं सांगायचा. तिथे पिस्टन मिळाले, हवे त्याच मापाचे, पण तीन. चौथा कुणीतरी कधीतरी सुटा नेला होता. अशा माणसाला काय म्हणावं! चार पायांच्या खुर्चीचा एकच पाय नेल्यासारखं ते. चौथा पिस्टन अखेर एका पाणी उपसायच्या जुन्या पंपातून निघाला. माप तेच, पण वजन जरा जास्त. चार पिस्टनांची वजनं जुळली नाहीत तर इंजिन थरथरतं. सावकाश ते चारही रुमालात बांधून सोनाराकडे गेला. सोनारानं ते धूड आपल्या नाजूक काट्यावर पाहून कपाळाला हात लावला.

“मिस्त्री, इथे लोक अंगठ्या आणतात.”

“यालाही रिंगाच घालतात, अंगठीच समज,” सावकाश म्हणाला आणि दुपारभर तिथेच बसून, आतल्या बाजूनं कानशीनं जरा जरा घासून, त्यानं वजन जुळवलं. गिऱ्हाइकांना वाटलं, सोनारानं नवा कारागीर ठेवला.

सिलिंडर लेथवाल्याकडून नव्या मापाला कापून घेतले, बेअरिंगं दुसऱ्या गाडीची आणून खाच पाडून बसवली. या सगळ्यात तीन आठवडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाशनं घाई केली. जेवताना त्याचं लक्ष नसायचं. बायकोनं एकदा विचारलं तर म्हणाला, “पट्ट्याला आणखी एक भोक पडलंय.” तिला संदर्भ ठाऊक होता. तिनं त्या दिवशी काही टोमणा मारला नाही.

शेवटी तो तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटपाशी आला. वस्ताद रोज ज्याचं नाव घेत होते तो.

टॅपेट म्हणजे, सोपं सांगायचं तर, एक फट. इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला बोटभर लांबीचा एक लोखंडी हात असतो, त्याला रॉकर म्हणतात. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते. फट वाढली की टकटक ऐकू येते. ती मोजायला पत्र्याची पातळ पट्टी असते. सावकाशला आठवत होतं, वस्ताद दर महिन्याला ही फट पट्टीनं नीट मोजून घ्यायचे, आणि आठ दिवसांत तिसरा पुन्हा टकटकायचा. दुसऱ्यांच्या गाड्या मुक्या करणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी तेवढी बोलायची. कुणी हिंमत करून विचारलं तर ते म्हणायचे, “न्हाव्याच्या डोक्यावर झुलपं, तसं आहे हे.”

सावकाशनं तो रॉकर काढून भिंगाखाली धरला आणि त्याला कारण दिसलं. टोकाशी झिजून तिथे बारीक खड्डा पडला होता. पट्टी घातली की ती खड्ड्यावर टाकलेल्या फळीसारखी आडवी बसायची. माप बरोबर दिसायचं, पण खाली खड्डा तसाच, त्यामुळे खरी फट जास्त. पस्तीस वर्षं जे वस्तादांना सापडलं नाही ते त्याला सापडलं होतं! त्याला इतका आनंद झाला की तो उठून गॅरेजभर एक चक्कर मारून आला.

त्या एका रॉकरसाठी त्यानं पुन्हा चार दिवस भंगारात घालवले, आणि एका मोडीत निघालेल्या गाडीतून जवळजवळ न वापरलेला मिळवला. तो बसवला. जुना टाकवेना, म्हणून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात त्याचं काहीही असायचं, अगदी जुने दातही असतील असं बायको म्हणायची.

इंजिन गाडीत चढवलं त्या दिवशी सावकाश धुतलेला शर्ट घालून गेला. शेडचं दार सताड उघडलं. काकूंनी वस्तादांना हाताला धरून आणलं.

“मीटर जिन्याखाली आहे,” वस्ताद त्याला पाहून म्हणाले.

“बघतो नंतर,” सावकाश म्हणाला आणि शेजारी बसून त्यानं चावी फिरवली.

इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं. सुरू झालं आहे की नाही हे बघायला हात लावावा लागेल असं सुरू झालं. धूर नाही, थरथर नाही, तिसऱ्यात टक्क नाही. जन्मात त्यानं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. आता मान तिरकी होईल. आता काहीतरी म्हणतील. निदान ‘हं’ तरी म्हणतील.

वस्तादांनी मान तिरकी केली. वाट पाहिली. दुसऱ्या बाजूला मान करून पाहिली. मग त्यांचे हात स्टिअरिंगवरून मांडीवर आले आणि चेहरा भांबावला.

“ही कुणाची गाडी?” ते म्हणाले. “परक्याच्या गाडीत बसवलंत मला. मालक ओरडेल.”

“अहो, आपलीच आहे,” काकू म्हणाल्या.

“आपली नाही ही.” ते दाराची कडी शोधू लागले. ती हाताला सापडेना तसे घाबरले, आणि सावकाशकडे वळून केविलवाण्या आवाजात म्हणाले, “साहेब, मी काही हात लावलेला नाही.”

त्या दुपारी वस्तादांनी एक घाससुद्धा घेतला नाही.

सावकाश परत कसा आला त्याला कळलं नाही. करायला गेलो काय आणि झालं काय, एवढंच डोक्यात. काकूंनी जाताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. गॅरेजात न जाता तो सरळ घरी गेला. दार ढकललं, आत आला, बायकोच्या मागे उभा राहिला. तिला सांगावं म्हणून तोंड उघडलं.

ती दचकून ओरडली. कैची खाली पडली. “कितीदा सांगितलं तुम्हाला!” ती छातीवर हात ठेवून म्हणाली. “अहो, मला दाराकडे बघावंही लागत नव्हतं. करकरलं की कळायचं, आपलं माणूस आलं. आता कोण घुसलं घरात, हेच वाटतं आधी.”

सावकाश तिच्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्यानं कैची उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “बरोबर आहे तुझं.” लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत होती. ती काही बोलायच्या आत तो बिस्किटांचा डबा शोधायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वस्तादांच्या शेडमध्ये इंजिनाचं वरचं झाकण काढलं. नवा रॉकर उतरवला आणि जुना, खड्डा पडलेला, जागेवर चढवला. आयुष्यभराची शिस्त हाताला सोडवत नव्हती. दोनदा पाना ठेवून दिला, दोनदा उचलला. नुकसान काही होणार नव्हतं. घट्ट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो, सैल टॅपेट नुसता बडबडतो, हे त्याला वस्तादांनीच शिकवलं होतं. त्यानं पट्टी घातली. खड्ड्यावर आडवी बसून पट्टीनं सांगितलं, माप बरोबर आहे. जसं ती इतकी वर्षं वस्तादांना सांगत आली होती.

दुपारी काकूंनी वस्तादांना आणलं. ते आज गाडीत बसायला तयार नव्हते. काकूंनी लहान मुलासारखं समजावून त्यांना बसवलं आणि त्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या. सावकाशनं चावी फिरवली.

टक. टक. टक. टक.

वस्तादांची मान आपोआप तिरकी झाली. हात उठून स्टिअरिंगवर आले आणि अंगठा तालावर हलू लागला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. त्यांनी डोळे मिटले, भरपूर वेळ घेतला आणि म्हणाले, “तिसऱ्याचा टॅपेट सैल झालाय.”

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि सवयीनं त्या ताट वाढायला आत वळल्या. रोज त्या अशाच वळायच्या. त्यामुळे वस्ताद यापुढे काही बोलतात, हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मीटरवाले,” वस्ताद डोळे न उघडता म्हणाले, “तुम्हाला नाही कळणार यातलं. कितीदा नीट केला मी तो. पुन्हा बोलतोच. मला नाही जमत ते.”

वस्तादांच्या तोंडून ‘मला जमत नाही’ हे शब्द सावकाशनं कधी ऐकले नव्हते.

“आमच्याकडे एक पोरगा आहे. सावकाश म्हणतो मी त्याला. त्याला सांगतो. वेळ खाईल, पण करील. बाकीची पोरं घरी गेली की त्यांनी केलेल्या गाड्या मी उघडून बघतो, काय घोळ घातलाय म्हणून. त्याची कधी उघडली नाही. गरजच नसते.”

इंजिन चालूच होतं. सावकाशनं हळूच विचारलं,

“त्याला सांगितलंत का कधी हे?”

“छे!” वस्ताद डोळे उघडून हसले. “पोर आहे अजून. डोक्यात हवा जायची.” मग जरा काळजीनं त्यांनी दाराकडे पाहिलं. “दोन दिवस दिसला नाही. येईल ना तो?”

“येईल,” सावकाश म्हणाला. “उद्या नक्की येईल.”

“हं,” वस्ताद म्हणाले, गाडीतून उतरले आणि आत जाऊन दोनदा मागून घेऊन जेवले.

आता रोज दुपारी साडेबाराला सावकाश मिस्त्रीच्या गॅरेजला कुलूप असतं. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी तो हात धुतो, शर्ट बदलतो आणि निघतो. कुठे चाललास विचारलं तर सांगतो, मीटर वाचायला.